सरकारी वकील गृह खात्याकडे का? मग विधि व न्याय विभाग कशाला?

काळाकोट :
विधि व न्याय विभाग म्हटलं की निम्म्या लोकांना सामाजिक न्याय आठवतो. तर आधी ओळख. मंत्रालयातल्या या विभागाचे प्रधान सचिव हेच शासनाचे विधि परामर्शी, म्हणजे कायद्याचे सल्लागार. विधेयकांचे मसुदे, इतर खात्यांना सल्ला, कोर्टांच्या इमारती, धर्मादाय आयुक्त हे सगळं यांच्याकडे. पण दंडाधिकाऱ्यांपुढे (मॅजिस्ट्रेट कोर्टात) सरकारची बाजू मांडणारे सहायक सरकारी अभियोक्ते मात्र यांचे नाहीत. त्यांचं अभियोग संचालनालय गृह खात्याखाली. म्हणजे तपास करणारे पोलीस आणि त्या तपासातली भोकं ज्यांनी दाखवायची ते वकील, दोघांचं खातं एकच! एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात 1995 मध्येच सर्वोच्च न्यायालयानं आपल्याला सांगितलं होतं, या वकिलांना पोलिसांच्या हाताखालून काढा, वेगळं केडर करा. केडर झालं, खातं हललं नाही. संचालनालय विधि व न्यायकडे द्या.

कलमबहाद्दर :
कायदा उघडून बघितलात का? भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी कामकाजाचा नवा कायदा, तिच्या कलम 20 मध्ये स्वच्छ लिहिलंय की अभियोग संचालक गृह विभागाच्या प्रशासकीय नियंत्रणाखाली राहतील. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 25अ पण हेच सांगत होतं. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अधिकारातला, आणि कायदा केंद्राचा. राज्याला वेगळं करायचं तर विधेयकाला राष्ट्रपतींची संमती लागेल, जीआर काढून भागणार नाही. आणि 'खातं एकच' हा मुद्दाही लंगडा आहे. जिल्हा न्यायाधीशांच्या पगाराची तरतूद विधि व न्यायच्या बजेटमधल्या मागणीतून होते, म्हणून ते मंत्र्यांची माणसं झाली का?

काळाकोट :
नाही झाली, कारण त्यांच्या पाठीशी संविधानाचं कलम 235 आहे, नियंत्रण उच्च न्यायालयाचं. अभियोक्त्याच्या पाठीशी काय आहे ते सांगा.

जुनी_फाइल :
वरच्या मजल्यावरचं भांडण चालू द्या, मी तळमजल्यावरचं सांगतो. मी सहायक अभियोक्त्यांच्या ऑफिसात कारकून होतो. सत्र न्यायालयातला जिल्हा सरकारी वकील विधि व न्याय नेमतो, 1984 च्या विधि अधिकारी नियमांप्रमाणे. त्यामुळे खुनाचा खटला दंडाधिकाऱ्यांकडून सत्र न्यायालयाकडे सोपवला गेला (कमिट झाला) की सरकारी वकीलही बदलतो आणि त्याचं खातंही. एकदा आमच्याकडच्या सहायक अभियोक्ता बाईंनी ऑफिस कॉपीत पंचनाम्यापाशी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'वेळ फिर्यादीशी जुळत नाही, तपासी अंमलदारास विचारणे.' कागद वर गेले, ऑफिस कॉपी आमच्या कपाटात राहिली. ती विसंगती सत्रच्या वकिलांना कळली ती उलटतपासात, आरोपीच्या वकिलाच्या तोंडून. माझं म्हणणं एवढंच, कोणत्याही खात्याला द्या, पण दोन्ही वकील एका छपराखाली आणा.

पक्षकार_क्र_दोन :
छप्पर कोणाचं, हाच तर प्रश्न आहे ना? सहायक अभियोक्ते लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन येतात. जिल्हा सरकारी वकिलाची नेमणूक मुदतीची. सरकार बदललं की बाररूममध्ये नव्या नावांची कुजबुज सुरू होते, चहा गार होईपर्यंत. परीक्षेनं आलेल्या माणसाला तुम्ही त्या व्यवस्थेकडे पाठवणार? पोलिसांचा दाब नको म्हणून पक्षांचा दाब घ्या, असंच झालं हे.

काळाकोट :
हा मुद्दा टोचला, खोटं कशाला बोलू. मग सत्र न्यायालयातली पदंही परीक्षेनं भरा. पण म्हणून गृह खातं बरं ठरत नाही. ज्याचा गोपनीय अहवाल गृह खात्याच्या साखळीत लिहिला जातो, तो 'ही केस टिकत नाही' असं किती वेळा लेखी देईल?

कलमबहाद्दर :
खातं हलवायची गरजच नाही. नव्या संहितेत 7 वर्षं किंवा जास्त पण 10 पेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस अहवाल तपासायचं काम उपसंचालकांना दिलंय. ते नीट करून घ्या, भोकं तिथेच सापडतील.

जुनी_फाइल :
साहेब, पुढची ओळ पण वाचा. खून त्या 7 ते 10 मध्ये बसत नाही. तो संचालकांकडे, आणि त्यांना कामं दिलीत ती खटल्यावर लक्ष ठेवणं, तो लवकर पुढे नेणं आणि अपिलाबद्दल मत देणं. आमच्या बाईंची पेन्सिलीची ओळ सत्रच्या वकिलाच्या टेबलावर कोणी न्यायची, ते त्या कलमात सापडलं तर कळवा.