कमी तेलाचं पथ्य खरंच पाळलं जातंय का, हे कसं बघता?

पुणेकर_लेक: बाबांची अँजिओप्लास्टी होऊन चार महिने झाले. आई-बाबा सांगलीत, मी पुण्यात. डॉक्टरांनी सांगितलंय, माणशी रोज तीन चहाचे चमचे तेल आणि तळण बंद. फोनवर विचारलं की दोघांचं एकच उत्तर, "अगं, नावाला घालतो." गेल्या रविवारी घरी गेले तर वांग्याच्या भाजीवर बोटभर तवंग. आईला बोल लावायचा नाहीये, चाळीस वर्षांचा हात आहे तिचा. पण जीव टांगणीला लागतो. लांबून लक्ष कसं ठेवू? डायरी, अ‍ॅप, की दर महिन्याला लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी)?

कृष्णाकाठ: ताई, तेलाच्या पिशवीवर लक्ष ठेवा. दोघांचे सहा चमचे म्हणजे रोज ३० मिली, महिन्याला ९००. एक तारखेला एक लिटरची पिशवी बरणीत ओता, बरणीवर तारखेची पट्टी चिकटवा. अठरा तारखेला तळ दिसला तर कुणाला काही विचारावंच लागत नाही. पाहुणे येऊन गेले तर तेवढी सूट धरा. आणि बरणीतली पळी काढून चमचा ठेवा. सासऱ्यांच्या वेळी आमची पळी मोजली तर तीत चार चमचे तेल मावत होतं. सासूबाई बराच वेळ हातातल्या पळीकडे बघत राहिल्या. त्यांना खरंच वाटत होतं, आपण कमी घालतो.

आहार_सल्ला: मी आहारतज्ज्ञ आहे. बरणीची युक्ती उत्तम, पण त्यात न दिसणारी चरबी सुटते. शेंगदाण्याच्या कुटात जवळपास निम्मी चरबी, सुक्या खोबऱ्यात त्याहून जास्त. फुल क्रीम दुधात ६ टक्के, टोन्ड दुधात ३.

लिपिड प्रोफाइलवरून पथ्य ओळखू नका. बाबांना स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध, सुरू असणार. त्याने एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरतं, जेवण तेलकट असलं तरी. तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा कराच, पण ती औषधासाठी. अ‍ॅपला तुमच्या आईने फोडणीत किती घातलं ते कळत नाही. डायरीत माणसं नकळत कमी लिहितात.

त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, वार बदलून (एखादा रविवार हवाच), "काल सकाळी उठल्यापासून काय काय खाल्लंत?" एवढंच विचारा. मग मागे जा: चहाबरोबर काय होतं? पोळीला तेल लावलं होतं? "तेलकट खाल्लं का?" विचारलंत की उत्तर "नाही" येणारच.

आणि हे वर्षानुवर्षं करावं लागतं. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाच्या आहाराच्या प्रयोगात जवळपास ४९ हजार महिला होत्या. कमी चरबीच्या गटाला २० टक्के उष्मांक चरबीतून, असं लक्ष्य होतं. त्यांना गटात बसवून शिकवलं, नोंदी ठेवायला लावल्या. तरी पहिल्या वर्षी प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास होतं आणि सहाव्या वर्षी २९ च्या जवळ गेलं.

माणदेशी: +१. फक्त एक विनंती, हिशेब बाबांच्याच हातात द्या. माझे वडील लपवून फरसाण खायचे, कारण घरात सगळेच पहारेकरी झालो होतो. बरणीची खूण तेच बघायला लागले तेव्हा लपवणं थांबलं.

पुणेकर_लेक: सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच आईशी बोलले. पळी मोजली, साडेतीन चमचे. ती म्हणाली, "मग कुटाचा डबापण मोजू का?" बाबा बरणीवर तारीख लिहीत होते.