मदत हवी आहे: बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, आता ते परत विंडोज मागतायत

नौपाडाकर
पटकन सांगा कोणीतरी, शनिवारपर्यंतच वेळ आहे. रविवारी बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज काढून मिंट टाकलं (लिनक्स या मोफत सिस्टीमचाच एक प्रकार), वायफाय लगेच लागलं, प्रिंटर आपोआप सापडला, सगळं छान. पण मराठी टाइप होत नाहीये आणि जुन्या फाईली उघडल्या की नुसता कचरा दिसतो. बाबा ज्येष्ठ नागरिक संघाची पाडव्याची स्मरणिका करतात, शनिवारी छापखान्यात द्यायचीय. कालपासून एकच, "तुझं ते काढ आणि माझं होतं तसं करून दे." त्यांच्या कट्ट्यावरच्या अजून तिघांकडे विंडोज १० आहे, त्यांना मी सांगून ठेवलंय की आधी बाबांचं बघा, मग तुमचंही करून देते. आता बाबाच नाही म्हणाले तर ते तिघं माझं कशाला ऐकतील. टायपिंगही सोडवून हवंय आणि या मंडळींना पटवायचं कसं तेही.

खाडीपलीकडचा
मिंट २१ की २२? रॅम किती? "टाइप होत नाही" म्हणजे नक्की काय होतंय, चौकोन येतात, इंग्रजीच उमटतं की भलतीच अक्षरं? आणि विंडोज ठेवलंय की पूर्ण उडवलं? हे सगळ्यात आधी सांगा.

पेंग्विनवेडा
इनस्क्रिप्ट शिकवा त्यांना, प्रश्नच मिटला. १९९१ पासूनची भारत सरकारची प्रमाण कीबोर्ड मांडणी आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या, लिनक्समध्ये वेगळं काही टाकावं लागत नाही, कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडायचं की झालं. दोन आठवड्यांत हात बसतो.

उकडीचा_मोदक
शनिवारपर्यंत म्हणतायत त्या आणि तुम्ही दोन आठवडे सांगताय. नौपाडाकर, तुम्ही आयबसचं एम१७एन टाका, लिनक्सवर आपल्या भाषा लिहायचं साधन आहे ते, त्यात मराठीच्या यादीत गमभन आहे, उच्चाराप्रमाणे लिहायचं. माझी आई याच्यावरच लिहिते, तिला कुणी शिकवलंसुद्धा नाही.

पेंग्विनवेडा
उच्चाराप्रमाणे लिहायला आधी इंग्रजी स्पेलिंगचा विचार करावा लागतो, मराठी माणसाने मराठी लिहिताना रोमन का आठवायचं? माझा या पद्धतीला कायम विरोध राहील.

हिशोबनीस
हिशोबाचं टॅली लिनक्सवर चालणार नाही हे लक्षात घ्या. वाइनवर (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायचा प्रयत्न मी स्वतः केलाय, मार्च महिन्यात असला धोका पत्करू नये. जीएसटी भरताना डिजिटल सहीचा टोकन लागतो, त्याचीही कटकट होते.

नौपाडाकर
टॅलीचा काही संबंध नाही हो, बाबा रिटायर्ड आहेत. मिंट २२ आहे, रॅम ४ जीबी, प्रोसेसर आय-थ्री सहावी पिढी, म्हणजे विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला, म्हणून तर हा सगळा खटाटोप. विंडोज उडवलंय. फाईली पेनड्राइव्हवर आहेत, त्या सुरक्षित आहेत. गमभन टाकून दिलं, बाबांनी दोन मिनिटांत लॅपटॉप मिटवला. म्हणाले माझ्या बोटांना हे येत नाही. फाईलीत असं दिसतं की जिथे "मराठी" शब्द असायला हवा तिथे इंग्रजीत ई, जे, के, बी, एच. सगळीकडे असंच.

शाई_आणि_कागद
थांबा, सापडलं. ई म्हणजे म, जे म्हणजे र, के म्हणजे काना, शिफ्ट बी म्हणजे ठ, एच म्हणजे दुसरी वेलांटी. ही कृतिदेव या जुन्या देवनागरी फॉन्टची फाईल आहे. पाचपाखाडीत वीस वर्षं डीटीपी, म्हणजे छपाईसाठी कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी केलीय, हे मला झोपेतही वाचता येतं.

ताई, तुमचे बाबा टाइपरायटरवर शिकलेत का? सरकारी परीक्षा, मराठी मिनिटाला ३० किंवा ४० शब्द?

नौपाडाकर
हो, मराठी ४०. कचेरीत अख्खी नोकरी टायपिंगवर काढली. हे कसं ओळखलंत?

शाई_आणि_कागद
"माझ्या बोटांना येत नाही" यावरून. त्या माणसाचं मराठी डोक्यात नसतं, हातात असतं. टाइपरायटरवर पहिली वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, अर्धं अक्षर मारून काना जोडला की ते पूर्ण होतं. युनिकोडमध्ये, म्हणजे आज फोन-कॉम्प्युटरवर सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत, पहिली वेलांटी अक्षरानंतर येते. चाळीस वर्षांची सवय असलेल्या हाताला इनस्क्रिप्ट काय आणि गमभन काय, दोन्ही परकीच.

आता कचरा का दिसतो ते. कृतिदेव युनिकोड नाही. फाईलीत खरोखरच इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांच्या जागी मराठी आकार काढतो. फॉन्ट विंडोजबरोबर उडाला, म्हणून खालची अक्षरं उघडी पडली. मजकूर जसाच्या तसा आहे, काहीही बिघडलेलं नाही, हे बाबांना आज रात्रीच सांगा, ते घाबरले असतील.

उपाय. बाबांच्या मित्रांपैकी ज्यांच्याकडे तोच फॉन्ट आहे त्यांच्या मशीनवर सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स या फोल्डरमधून कृतिदेवच्या फाईली कॉपी करा. बाबांकडे फॉन्टची सीडी असेल तर फारच छान. मिंटमध्ये फाईलवर डबल क्लिक केलं की इन्स्टॉल असं बटण येतं. मग लिब्रे ऑफिस (वर्डच्या जागी वापरायचं ते) बंद करून परत उघडा. कीबोर्ड इंग्रजीच ठेवायचा, फॉन्ट कृतिदेव निवडायचा आणि बोटं पूर्वीसारखी चालवायची. आयबस वगैरे या कामाला लागतच नाही.

उकडीचा_मोदक
पण मग ते कायमचे कृतिदेवमध्येच अडकणार ना? तो मजकूर व्हॉट्सॲपवर पाठवता येत नाही, गूगलवर शोधून सापडत नाही.

शाई_आणि_कागद
मान्य. पण आधी स्मरणिका जाऊ द्या. नंतर युनिकोडसाठी एम१७एनमध्ये हिंदीच्या यादीत रेमिंग्टन आणि टाइपरायटर असे दोन पर्याय आहेत, काही चाव्या इकडेतिकडे असतील पण हात तोच राहतो. जुन्या फाईलींसाठी कन्व्हर्टर मिळतात, फक्त मध्ये इंग्रजी शब्द असले तर तेही बदलून टाकतात, म्हणून तपासून घ्यावं लागतं.

घोडबंदर_ट्रॅफिक
एवढं करण्यापेक्षा नवा लॅपटॉप घेऊन द्या वडिलांना. जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेने मोठा गाजावाजा करून लिनक्स आणलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजला जायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या शहराला जमलं नाही.

पेंग्विनवेडा
केरळच्या सरकारी शाळांमधली मुलं कित्येक वर्षं लिनक्सवरच शिकतायत, ते का नाही आठवत? चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात घालायचा हा कुठला न्याय. अवांतर: ४ जीबीवर मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप जड जातो, हलका एक्सएफसीई टाका. हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवा.

घोडबंदर_ट्रॅफिक
शाळेतली मुलं कोरी पाटी असतात. इथे चाळीस वर्षांचा हात आहे, वरच लिहिलंय.

खाडीपलीकडचा
दोघेही म्युनिक-केरळ सोडा. मी नेरुळला शेजारच्या दोन घरांत लिनक्स बसवलंय, एका घरात टिकलं, एका घरात नाही. जिथे टिकलं तिथे मी आधी दोन महिने विंडोजवरच लिब्रे ऑफिस आणि फायरफॉक्स लावून दिलं होतं. काकूंना त्याची सवय झाली, मग खालची सिस्टीम बदलली तर त्यांना फक्त मेनूचा रंग वेगळा वाटला. जिथे टिकलं नाही तिथे मी एका दुपारीत सगळं बदललं आणि व्हायरस, लायसन्स, स्वातंत्र्य यावर भाषण दिलं. काकांना फक्त त्यांचं पत्त्यांचं रमी हवं होतं, ते मी विचारलंच नाही.

नौपाडाकर, एक विचारू? लिनक्स बाबांना आधी सांगून मगच टाकलं होतं ना?

नौपाडाकर
नाही. बाबा चार दिवस नाशिकला आत्याकडे गेले होते, परत आल्यावर नवंकोरं चालताना बघून खूश होतील असं मला वाटलं. ते आले, लॅपटॉप उघडला, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं आवडलं. ते स्मरणिकेची फाईल शोधत होते.

शाई_आणि_कागद
मग आधी त्यांची माफी मागा ताई, मनापासून. फॉन्ट नंतर.

हिशोबनीस
विंडोज १० ला आणखी एक वर्ष सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, नोंदणी करावी लागते. म्हणजे त्या तिघांची घाई नाही. त्यांना आत्ता हात लावू नका.

नौपाडाकर
अपडेट देते. काल रात्री बाबांशी बोलले. ते म्हणाले विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं, आधी छापून होऊ दे एवढंच सांगितलं असतं. मग त्यांनीच कपाटातून फॉन्टची सीडी काढली, कव्हरवर त्यांच्या अक्षरात खरेदीची तारीख. लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही, म्हणून सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर घेतली. फॉन्ट बसवला, फाईल उघडली, पहिल्या पानावर संघाचं नाव मराठीत आलं तेव्हा बाबांनी चष्मा काढून पुसला.

एक अडलंय. जी अक्षरं ते आल्ट धरून नंबरांनी काढायचे ती निघत नाहीत. वहीच्या मागच्या पानावर त्यांची यादीच आहे.

शाई_आणि_कागद
ती विंडोजची पद्धत, इथे चालत नाही. लिब्रे ऑफिसमध्ये इन्सर्ट, स्पेशल कॅरेक्टर, वर फॉन्ट कृतिदेव निवडा, हवं ते अक्षर दिसेल. त्यावर राइट क्लिक करून फेव्हरिटमध्ये टाका, पुढच्या वेळी खाली समोरच मिळेल. यादीतली सगळी एकदाच बसून टाकून द्या, बाबांना शेजारी बसवा.

नौपाडाकर
टाकली, अकरा होती. बाबा एकेक वाचून दाखवत होते आणि वहीत टिक करत होते. छापखान्याला वर्डची फाईल न देता पीडीएफ दिली, तिथे फॉन्ट फाईलीसोबतच जातो म्हणून. शुक्रवारीच गेली, एक दिवस आधी.

खालच्या मजल्यावरचे काका विचारत होते माझं कधी करतेस. त्यांना म्हटलं आधी तुमच्याच विंडोजवर लिब्रे ऑफिस लावते, पाडवा झाला की बघू. आज त्यांचा फॉन्ट्सचा अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन ठेवलाय.