मदत हवी आहे: घोडीला लगामाची कडी टोचतेय

मंडळी, मी मिरजेजवळचा. अकलूजच्या बाजारातनं मारवाडी घोडी आणलीय, सोबत आलेली काटेरी कडी पहिल्याच दिवशी फेकली (असली कडी घालणाऱ्याच्याच तोंडात द्यायला पायजे) आणि एका सांध्याचं साधं स्नॅफल (बिनकाट्याची सौम्य कडी) घातलं, तरी लगाम ओढला की मान वर फेकते, जीभ बाहेर काढते. काल बघितलं तर उजवीकडं ओठाचा कोपरा सोललाय, सध्या रपेट बंद. दोरीनं तोंड मोजलं, १२ सेंमी भरलं, कडी १४ ची, म्हणजे सरकून घासत असणार. दोन सांध्यांचं, मधे चपटा मणी असलेलं साडेबाराचं घेऊ का रबरी? जाड कडी मऊ म्हणतात पण हिचं तोंडच बारीक. दाढेपुढं वुल्फ टूथ (कडीला अडणारा छोटा जादा दात) आहे का बघायला सांगली-मिरजेकडं घोड्याचं कळणारा डॉक्टर कोण?