विषय: हॉलचं सोलर: 39-41 वर ब्रेकर नको

इमारत समिती:
मंडळी, इलेक्ट्रिशियन शनिवारी येतोय. 7.6 किलोवॅटच्या इन्व्हर्टरचा दोन पोलचा 40 अँपिअर ब्रेकर त्याने ड्रॉइंगमध्ये पॅनेलच्या अगदी तळाशी, 39-41 नंबरच्या जागांवर दाखवलाय. बसबार (पॅनेलमधली वीज वाटणारी पट्टी) 200 अँपिअरचा, मेन ब्रेकर 200 चा; मेन आणि सोलर मिळून बसबारच्या 120 टक्क्यांपर्यंत, म्हणजे 240 चालतात, तेव्हा 40 बरोबर बसतात. आजच होकार कळवायचाय. कुणाची हरकत?

काका:
माझी आहे. नारिंगी वायर, म्हणजे आपल्या ए-बी-सी या तीन फेजांतली बी, विसरलात का? न्यूट्रलपासून ए आणि सी 120 व्होल्ट, बी मात्र 208. पॅनेलच्या डाव्या बाजूला 1-3-5 म्हणजे ए-बी-सी, पुढे तीच आवर्तनं. मोजत खाली आलात की 39 वर बी येतो, 41 वर सी. तिथे दोन वायरींत 240 मिळतात, म्हणून मीटर लावून बघणाऱ्याला चूक दिसतच नाही. पण आपला स्प्लिट-फेज इन्व्हर्टर (न्यूट्रलपासून दोन्ही टोकांना 120-120 लागणारा) दोन्ही टोकं न्यूट्रलशी ताडून बघतो. एका टोकाला 208 दिसले की तो सुरूच होणार नाही. शिवाय '120/240' लिहिलेला ब्रेकर बीवर चालत नाही, नुसता '240' लिहिलेला लागतो.

इमारत समिती:
मग 35-37 घेऊ? तिथे सी-ए आहे.

काका:
फेज बरोबर, जागा चूक. सोलरचा ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला हवा आणि आपला मेन वर आहे. तीन पोलचा 40 चा, 240 रेटिंगचा घ्या आणि 37-39-41 वर बसवा. ए आणि सीला वायरी, मधला पोल रिकामा.

खजिनदार:
डेल्टा-वाय ट्रान्सफॉर्मर (आपल्या डेल्टा, म्हणजे त्रिकोणी जोडणीच्या पुरवठ्याशी इन्व्हर्टर जुळवून देणारा) घालून 30 किलोवॅटचा तीन फेज इन्व्हर्टरच का नको? पुढे वाढवायचंच आहे. आणि खर्चाचे पर्याय आधी माझ्याकडे यावेत, असं सभेत ठरलंय.

काका:
खर्चाचा निर्णय तुमचाच. पण 30 केव्हीए (इथे किलोवॅटच समजा) म्हणजे तीन फेजला 240 वर 72 अँपिअर, नियमाप्रमाणे सव्वापट धरले की 90. बसबारवर जागा 40 चीच, म्हणजे मेनच्या आधी जोड घ्यावी लागेल. वर ट्रान्सफॉर्मर रात्रीही वीज खात राहणार.

ताई:
ट्रान्सफॉर्मरचं राहू द्या, सीटीचं (वायरीतला करंट मोजणाऱ्या कड्यांचं) कुणीच बोललं नाही. ड्रॉइंगमध्ये दोनच आहेत, ए आणि सीवर. छतावरचा एसी तीन फेजचा आहे, त्याचा बीमधला करंट मोजलाच जाणार नाही आणि वापराचे आकडे चुकतील. तीन सीटी आणि बीच्या 208 ला चालणारा मीटर मागवा.
वीज कंपनीच्या अर्जात 'सिंगल फेज' लिहू नका. '120/240 डेल्टा, तीन फेज चार वायर, इन्व्हर्टर ए-सीवर' असं लिहा. खांबावर दोनच ट्रान्सफॉर्मर दिसतात, म्हणजे ओपन डेल्टा (तीनऐवजी दोन ट्रान्सफॉर्मरवर चालणारा). त्यातला मोठा सहसा ए-सीचा असतो, तरी दोन्हींचे केव्हीए लेखी मागा.

इमारत समिती:
ताई, मीटरच्या पेटीत नारिंगी वायर उजवीकडे आहे, पॅनेलमध्ये मधे. चुकलंय का काही?

ताई:
नाही. मीटरपाशी ती सीच्या जागी असू शकते. पण रंगावर विसंबू नका. शनिवारी ब्रेकर बसवण्याआधी न्यूट्रल ते 37, 39, 41 तिन्ही मोजून घ्या: 120, 208, 120 यायला हवेत.