नाक धुण्यासाठी समुद्राचं पाणी: तुमचा अनुभव काय?

सर्दी, धुळीची ॲलर्जी, सायनस यांपैकी काहीही पाठीमागे लागलं की कुणी ना कुणी समुद्राच्या पाण्याचा फवारा हातात ठेवतंच. त्यावर 'पूर्णपणे नैसर्गिक' असं लिहिलेलं असतं. नैसर्गिक तर विंचूही असतो, म्हणून विचारते आहे: खरंच उपयोग होतो का, आणि रोज वापरणं कितपत सुरक्षित आहे? काय वापरलं (आयसोटॉनिक म्हणजे शरीरातल्या द्रवाइतकं खारट, की हायपरटॉनिक म्हणजे त्याहून खारट; फवारा की दाबून नाक धुवायची बाटली), कशासाठी वापरलं, त्रास काय झाला, सगळं लिहा. नुसतं 'छान आहे' नको, त्याने कुणाचं नाक सुटत नाही.

*

मला धुळीची ॲलर्जी. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ, नाकाला धार, डोळे लाल. गोळी घेतली की दिवसभर झापड. डॉक्टरांनी स्टेरॉइडचा फवारा दिला आणि त्याच्या आधी आयसोटॉनिक समुद्री पाणी मारायला सांगितलं. शिंका पूर्ण थांबल्या नाहीत, पण नाकातला चिकटा सुटतो आणि टाळूची खाज बरीच कमी असते. खरा फरक जाणवतो तो झाडझूड केल्यावर लगेच मारलं की. ॲलर्जी काही या पाण्याने जात नाही, नाकात बसलेली धूळ तेवढी जाते.

क्रम मात्र पाळा: आधी पाणी, नाक हलकेच शिंकरायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मग औषध. उलटं केलं तर औषधच धुऊन निघतं. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यातही (बऱ्याच वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) ॲलर्जीच्या सर्दीत मीठपाण्याने लक्षणं कमी होऊ शकतात असं म्हटलं आहे, पण पुरावा कमी दर्जाचा आहे हेही तिथेच नोंदवलं आहे. माझ्या अनुभवाशी हे जुळतं: फायदा आहे, चमत्कार नाही.

*

मला शून्य फायदा. नाकाचा पडदा वाकडा आहे, एक नाकपुडी कायम बंद. पाण्याने हाड सरळ होत नाही. एवढंच लिहायचं होतं.

*

माझं सायनसचं ऑपरेशन झालं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑपरेशनच्या आधी मी फवाराच वापरायचो आणि 'याने काही होत नाही' असं सगळ्यांना सांगायचो. नंतर कळलं की फवारा आणि धुणं हे दोन वेगळे प्रकार आहेत. फवाऱ्यातून निघतं ते अगदी थोडं पाणी. नाकाचा पुढचा भाग ओला होतो, खपली मऊ होते, बस. दाबायच्या बाटलीतून एका वेळी २०० ते २४० मिली पाणी आत जातं, एका नाकपुडीतून शिरून दुसरीतून बाहेर पडतं आणि वाटेतला कफ, खपल्या, रक्ताच्या गुठळ्या घेऊन येतं. ऑपरेशनने सायनसची तोंडं मोठी केलेली असतात, त्यामुळे पाणी तिथपर्यंत पोचतं. त्याआधी सुजलेल्या, अरुंद तोंडांतून फारसं आत जातच नाही.

पहिल्या वेळी बाहेर काय काय आलं ते जेवताना वाचणाऱ्यांसाठी लिहीत नाही. पण कपाळावरचं ओझं उतरलं आणि वास यायला लागला.

तंत्र असं: बेसिनवर वाकायचं, तोंड उघडं ठेवायचं, श्वास तोंडाने घ्यायचा, पाणी जात असताना गिळायचं किंवा बोलायचं नाही. पाणी कोमट हवं, गार पाण्याने डोक्यात कळ जाते. नंतर दोन्ही नाकपुड्या दाबून जोरात शिंकरू नका, पाणी कानाकडे सरकतं आणि दडा बसतो. तासाभराने चपला घालायला खाली वाकलात की राहिलेलं पाणी टपकन पडतं. घाबरू नका, पण मीटिंगच्या आधी धुऊ नका.

बाटलीत समुद्राचं पाणी नाही वापरत. मीठ आणि खायच्या सोड्याचं मिश्रण वापरतो, आयोडीन नसलेलं मीठ तीन भाग, सोडा एक भाग. त्यातला एक छोटा चमचा २४० मिली पाण्यात. सर्जनना थेट विचारलं होतं, समुद्राचं जास्त चांगलं का? ते म्हणाले, रोज न चुकता कराल ते चांगलं.

*

औषधांच्या दुकानात काउंटरवर उभा असतो, म्हणून लेबलाबद्दल थोडं.

समुद्राच्या पाण्यात क्षार साधारण ३.५ टक्के असतात. शरीरातल्या द्रवाशी जुळणारं मीठपाणी ०.९ टक्क्याचं, तेच आयसोटॉनिक. म्हणजे समुद्राचं पाणी गाळून, निर्जंतुक करून, त्यातलं मीठ कमी करून ते बनतं. हायपरटॉनिक फवाऱ्यांत साधारण २ ते ३ टक्के मीठ असतं. ते सुजलेल्या अस्तरातलं पाणी ओढून घेतं, म्हणून चोंदलेलं नाक लवकर मोकळं वाटतं. पण झोंबतंही तेच. रोजच्या वापराला आयसोटॉनिक, नाक अगदी गच्च असेल तेव्हा थोडे दिवस हायपरटॉनिक, असं मी सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचं: काही फवाऱ्यांवर लाटांचं निळं चित्र असतं आणि आत झायलोमेटाझोलिनही असतं. ते औषध आहे. नाक चुटकीसरशी उघडतं, पण चार-पाच दिवसांपेक्षा जास्त मारलं तर नाक त्याच्याशिवाय उघडेनासं होतं. 'समुद्राचंच पाणी आहे' म्हणून ते महिनोन्‌महिने मारणारी माणसं मी पाहतो. घटकांची यादी वाचा. तीत बेन्झाल्कोनियम क्लोराइड (पाणी टिकवण्यासाठी घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह) दिसलं आणि नाक हुळहुळत असेल, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेला फवारा मागा. ज्यात पाणी आतल्या बंद पिशवीत असतं आणि हवा मागे शिरत नाही, त्या डब्यांना प्रिझर्व्हेटिव्ह लागत नाही. नळी घरात एकाचीच, वाटून घ्यायची नाही.

*

समुद्राचं पाणी बाटलीत भरून आणून वापरलं तर? असं मला प्रत्यक्ष विचारलं गेलं आहे. नाही! मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी असतं, व्हिब्रिओ जातीचे जीवाणू असतात, आणि मिठाचं प्रमाण नाकाला हवं त्याच्या जवळजवळ चौपट. विकतच्या फवाऱ्याचा भरवसा समुद्राचा नाही, गाळणीचा आहे.

घरी पाणी तयार करणाऱ्यांसाठी धोका वेगळा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात नळाच्या पाण्याने नाक धुणाऱ्या दोघांचा नेग्लेरिया फॉवलेरी या अमीबामुळे मृत्यू झाला. हा अमीबा गोड्या, कोमट पाण्यात राहतो. तेच पाणी प्यायलं तर काही होत नाही, पण नाकातून वर गेलं तर वासाच्या मज्जातंतूवरून मेंदूपर्यंत पोचतो. फार दुर्मिळ आहे, पण झालं तर वाचण्याची शक्यता नगण्य. म्हणून डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणी, नाहीतर खळखळ उकळून गार केलेलं. उकळी फुटल्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवा आणि झाकून ठेवलेलं पाणी २४ तासांत संपवा. पिण्यासाठीच्या साध्या फिल्टरवर विसंबू नका. पाण्यात मीठ घातलं म्हणजे जंतू मेले, असंही नाही. बाटली प्रत्येक वेळी धुऊन पूर्ण वाळवायची. ओली बाटली झाकण लावून ठेवणं सर्वांत वाईट.

*

बाळाच्या नाकाबद्दल. नाक चोंदलं की दूध ओढता येत नाही, रडारड. बालरोगतज्ज्ञांनी दूध पाजायच्या आधी मीठपाण्याचे थेंब टाकून शेंबूड ओढून घ्यायला सांगितलं. काम होतं. मोठ्यांचा जोरदार फवारा बाळाला मारू नका, वयानुसार नळी वेगळी येते. थोरला मात्र बाटली बघितली की पळतो, त्याच्यावर जबरदस्ती सोडून दिली आहे.

*

'समुद्रातली खनिजं' हा भाग मला अजून पटलेला नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट यांनी अस्तराची भरपाई लवकर होते असं प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसतं, मान्य. पण माणसाच्या नाकात? ६ ते १० वर्षांच्या ४०१ मुलांवरचा २००८ चा अभ्यास नेहमी पुढे केला जातो. समुद्री पाणी वापरलेल्या मुलांची सर्दी लवकर उतरली, औषधं कमी लागली. पण तुलना होती नाक न धुणाऱ्या मुलांशी, साध्या मीठपाण्याशी नव्हे. त्यातून नाक धुण्याची बाजू सिद्ध होते, समुद्राची नाही. २०२४ मध्ये द लॅन्सेटच्या श्वसनविषयक नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत तर साधा सलाईन फवाराच होता. सहा महिन्यांतले आजारपणाचे दिवस नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांत सरासरी ८.२, तर फवारा वापरणाऱ्यांत ६.४ होते. मी त्यामुळे घसा खवखवायला लागला की लगेच सुरू करतो आणि जे हाताशी असेल ते वापरतो.

*

वडिलांना घरी ऑक्सिजनची नळी असते, त्याने नाक कोरडं पडून खपल्या धरतात. आयसोटॉनिक फवाऱ्याने त्यांना खूप आराम आहे. रक्तदाबामुळे मिठाची धास्ती होती. डॉक्टर म्हणाले, पोटात जाणारं मीठ अगदी नगण्य, घशात उतरलेलं थुंकून टाकायचं. हायपरटॉनिक देऊन पाहिलं तर आग झाली, ते बंद केलं. घोळणा फुटला की त्या दिवशी काहीच मारत नाही, आणि वारंवार फुटायला लागला तर दाखवून या म्हणून सांगितलं आहे.