मदत हवी आहे: सहकारी कोच घरी बायकोला मारतो हे कळलंय, कळवणं मला बंधनकारक आहे का?

मी ओहायोतल्या एका विद्यापीठात टेनिसची असिस्टंट कोच आहे. आमच्याच स्टाफमधल्या एका कोचच्या बायकोने गेल्या आठवड्यात पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून मला दंड दाखवला. चार बोटांचे वळ, कडेने पिवळे पडलेले. "कुणाला बोलू नकोस," एवढंच म्हणाली.

हेड कोचना नावं न घेता विचारलं, तर "घरातली भांडणं घरात" असं उत्तर. सहायक कोचच्या अशाच प्रकरणात नीट पावलं न उचलल्यामुळे २०१८ साली ओहायो स्टेट विद्यापीठाचे फुटबॉलचे हेड कोच अर्बन मायर यांना तीन सामने बाहेर बसावं लागलं. हे माहीत असूनही असं बोलतात, याचा फार राग आला.

ट्रेनिंगचे कागद पुन्हा वाचले. क्लेरी कायद्यात (कॉलेजांना गुन्ह्यांची माहिती जाहीर करायला लावणारा अमेरिकी कायदा) घरगुती हिंसा आहे, पण त्यातली गुन्ह्यांची नोंद कॅम्पस आणि त्याच्याशी जोडलेल्या ठराविक जागांपुरती. हे घडलं त्यांच्या घरी. टायटल नाइनचा (शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी घालणारा कायदा) भर विद्यार्थी आणि कर्मचाऱ्यांवर, आणि त्याची बायको दोन्हींत नाही. हेल्पलाइनचा नंबर तिला दिलाय. पोलीस तिला नको आहेत, मुलं लहान आहेत, म्हणून कृपया तो सल्ला नको. माझा व्हिसा विद्यापीठाकडूनच आहे, पण त्या भीतीने गप्प बसणार नाही.

इथल्या कॉलेजांत एचआर किंवा कायद्याचं काम केलेलं कुणी आहे का? तिची संमती नसताना मी कळवायलाच हवं का? आणि नावं न सांगता टायटल नाइन ऑफिसात नुसती चौकशी केली, तरी ती तक्रार धरतात का?