मदत हवी आहे: फायब्रॉइडसाठी (गर्भाशयातील गाठींसाठी) ‘सिद्ध’ या तमिळ पारंपरिक वैद्यकातील औषधे आणि लोहाच्या गोळ्या एकत्र घ्याव्यात का?

माझी थोरली बहीण (वय ४२) चेन्नईत राहते. तिच्या सोनोग्राफीत दोन फायब्रॉइड आढळले असून एक गर्भाशयाच्या भिंतीत ४ सेंमीचा, तर दुसरा आतल्या पोकळीत डोकावणारा २.५ सेंमीचा आहे. पाळीत दर दोन तासांनी पॅड बदलावे लागते आणि हिमोग्लोबिन ८.४ वर आले आहे. ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडने स्राव थोडाच कमी झाला, आणि लोहाच्या गोळ्या सुरू आहेत. गर्भाशयाच्या अस्तराची बायोप्सी निर्दोष आहे, थायरॉइड ठीक आहे, आणखी मूल नको आहे. मात्र गर्भाशय काढण्याची तिची तयारी नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आतला फायब्रॉइड दुर्बिणीने काढण्याचा सल्ला दिला आहे.

दरम्यान, ओळखीच्या सिद्ध वैद्यांनी वात बिघडल्याचे निदान करून कुमारी लेह्य आणि अन्नबेदी चेंदूरम सुचवले. चेन्नईजवळच्या तांबरमला राष्ट्रीय सिद्ध संस्थेचे रुग्णालय असल्याने दुसरे मत तेथे घेता येईल. या परंपरेविषयी आम्हा दोघींना आदर आहे. परंतु रक्तस्राव असाच चालू असताना केवळ औषधांवर थांबणे मला धोक्याचे वाटते.

अन्नबेदी हेही लोहाचेच औषध असल्यामुळे, ते गोळ्यांबरोबर दिल्यास लोहाची मात्रा जास्त होईल का, शस्त्रक्रियेपूर्वी ते किती दिवस आधी थांबवावे, आणि दोन्ही पद्धतींच्या डॉक्टरांकडून एकत्रित उपचार घेतलेल्या कोणी फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा) व यकृताच्या तपासण्या किती अंतराने केल्या?